तीस गोल कोण करणार? हॅरी केन गेल्यानंतरचं टॉटनम

१३ ऑगस्ट २०२३. ब्रेंटफर्डच्या मैदानावर लंडनच्या टॉटनम क्लबचा प्रीमियर लीगच्या नव्या हंगामातला पहिला सामना. आदल्याच दिवशी संघाचा स्ट्रायकर हॅरी केन जर्मनीतल्या बायर्न म्युनिकचा झाला होता. अकराव्या मिनिटाला जेम्स मॅडिसनच्या फ्री किकवर क्रिस्टियन रोमेरोनं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. दुसरा गोल एमर्सन रॉयालचा. एक सेंटर बॅक, दुसरा राइट बॅक. सामना २-२ असा सुटला. केननंतरच्या काळातले पहिले दोन्ही गोल बचावपटूंचे निघाले आणि नऊ नंबरचा शर्ट घालून पुढे उभा असलेला रिचार्लिसन रिकाम्या हाती परतला.

त्या आठवड्यात टॉटनमच्या चाहत्यांमध्ये एकच प्रश्न फिरत होता: तीस गोल कोण करणार? आधीच्या हंगामात संघाचे लीगमध्ये ७० गोल झाले होते, त्यातले ३० एकट्या केनचे. भावना बाजूला ठेवून पाहिलं तरी भीती खरी होती. पण पुढच्या दोन वर्षांत जे घडलं ते पाहिल्यावर मला वाटतं, आम्ही सगळेच चुकीच्या प्रश्नावर भांडत होतो. गोल भरून निघाले. रिकामी राहिली ती जागा वेगळीच होती.

तो नेमका कोण होता

केन अकराव्या वर्षी टॉटनमच्या अकादमीत आला. त्याआधी आर्सेनलनं त्याला लहानपणीच सोडून दिलं होतं. पहिल्या संघातर्फे ऑगस्ट २०११ मध्ये हार्ट्सविरुद्ध उतरला आणि त्याच सामन्यात त्याची पेनल्टी अडवली गेली. मग लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर असा उधारीवरचा प्रवास. हा मुलगा इंग्लंडचा कर्णधार होईल असं तेव्हा कोणी म्हणालं असतं, तर विश्वास बसला नसता. २०१४-१५ मध्ये मात्र तो एकदम चमकला, आणि प्रेक्षक ‘हा आपल्यातलाच आहे’ असं गाऊ लागले. ते गाणं नुसतं कौतुकाचं नव्हतं. मोठे क्लब पैशाच्या जोरावर खेळाडू उचलतात, आमच्याकडे घरचा आहे, हा अभिमान त्यात होता.

५ फेब्रुवारी २०२३ ला मँचेस्टर सिटीविरुद्ध त्यानं २६७ वा गोल केला आणि जिमी ग्रीव्ह्ज यांचा क्लबचा विक्रम मोडला. गेला तेव्हा आकडा होता ४३५ सामन्यांत २८० गोल. प्रीमियर लीगमध्ये २१३. अॅलन शिअररच्या २६० पर्यंत पोचायला दोन-तीन हंगाम पुरले असते, आणि तो विक्रम आपल्या शर्टात व्हावा ही आस फार जणांना होती.

पण केन समजून घ्यायचा तर माझ्या मते २८० पेक्षा २० सप्टेंबर २०२० चा साउदम्प्टनचा सामना पाहावा. टॉटनम ५-२ नं जिंकलं. सॉन ह्युंग-मिननं चार गोल केले आणि चारही वेळा पास केनचा. तो पुढून खाली यायचा, मधल्या वर्तुळाच्या आसपास पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू घ्यायचा, आणि वळण्याआधीच सॉन कुठे पळतोय हे त्याला ठाऊक असायचं. त्या हंगामात त्यानं लीगमध्ये २३ गोल केले आणि १४ गोलांना पास दिले. दोन्ही यादीत पहिला तोच. म्हणजे गोल करणारा स्ट्रायकर आणि इतरांना गोल करून देणारा प्लेमेकर ही दोन माणसं एकाच शर्टात होती. शिवाय समोरच्या संघाच्या कॉर्नरला जवळच्या खांबापाशी येऊन डोक्यानं चेंडू बाहेर काढणारा तिसराही तोच. गोलांच्या हिशेबात ही दोन माणसं दिसतच नाहीत.

जुन्या जखमा

चाहते इतके का चिडले होते, हे २००८ आणि २०१३ माहीत असल्याशिवाय कळणार नाही.

२००८ मध्ये टॉटनमनं चेल्सीला हरवून लीग कप जिंकला. त्याच उन्हाळ्यात रॉबी कीन लिव्हरपूलला गेला आणि विंडोच्या, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मुदतीच्या, शेवटच्या दिवशी दिमितार बर्बाटोव्ह मँचेस्टर युनायटेडला. पहिल्या आठ सामन्यांत मिळाले दोन गुण. ऑक्टोबरात प्रशिक्षक हुआंदे रामोस यांना घरी जावं लागलं.

२०१३ मध्ये गॅरेथ बेल रेआल माद्रिदला विकला गेला, तेव्हाची जगातली सर्वात मोठी किंमत घेऊन. त्या पैशांत सात खेळाडू आले. त्यातला क्रिस्टियन एरिक्सन सोनं निघाला, एरिक लामेलानं वर्षानुवर्षं जीव लावून खेळ केला. पण रोबेर्तो सोल्दादो, पावलिन्यो आणि बाकीचे फार टिकले नाहीत. एका मोठ्या माणसाच्या बदल्यात सात मध्यम माणसं घेतली की संघ रुंद होतो, उंच होत नाही, हा धडा तेव्हाचा. २०२३ मध्ये जो तो बोलताना ‘पुन्हा सात आणतील’ असं म्हणत होता, त्यामागे हा इतिहास होता.

भिजत पडलेलं घोंगडं

केनचं जाणं २०२३ मध्ये सुरू झालं नाही. जून २०१८ मध्ये त्यानं सहा वर्षांचा करार केला, २०२४ पर्यंतचा. २०१९ मध्ये माद्रिदला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना हरलो. २०२१ मध्ये लीग कपची फायनल हरलो. तीही प्रशिक्षक योझे मोरिन्यो यांना सामन्याच्या सहा दिवस आधी काढून टाकल्यावर. त्या उन्हाळ्यात केनला सिटीत जायचं होतं, हे लपून राहिलं नाही. अध्यक्ष डॅनियल लेव्ही बधले नाहीत आणि २५ ऑगस्टला केननं आपण थांबतोय असं जाहीर केलं.

तेव्हा आम्ही आनंदलो होतो. आता मागे पाहताना वाटतं, खरी चूक तिथे झाली. करारात तीन वर्षं बाकी असताना विकला असता तर किंमत मोठी आली असती आणि क्लबला फेरबांधणीला वेळ मिळाला असता. किंवा थांबवायचाच होता, तर त्याच्याभोवती जिंकणारा संघ उभा करायला हवा होता. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. प्रशिक्षक म्हणून नूनो आले नि गेले. अँटोनियो काँते आले. २०२३ च्या मार्चमध्ये साउदम्प्टनला ३-१ च्या आघाडीवरून ३-३ झाल्यावर पत्रकार परिषदेत खेळाडूंवर आणि क्लबवर तोंडसुख घेऊन तेही गेले. एप्रिलमध्ये न्यूकॅसलनं एकवीस मिनिटांत पाच गोल घातले. खेळाडूंनी तिथवर गेलेल्या चाहत्यांना तिकिटांचे पैसे परत दिले. आठवा क्रमांक आला, युरोपातलं तिकीट गेलं. त्या मोडक्या हंगामात एक माणूस मात्र ३० गोल करत होता, त्यातले दहा डोक्यानं.

जूनमध्ये सेल्टिककडून अँज पोस्टेकोग्लू प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा केनच्या करारात एक वर्ष उरलं होतं.

उन्हाळ्यातला वाद

बाजू ढोबळमानानं तीन होत्या. पहिली म्हणायची, काय वाटेल ते होवो, विकू नका. त्याला शेवटचं वर्ष खेळू द्या, २०२४ मध्ये फुकट गेला तरी चालेल. त्याच्या गोलांनी चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळालं तर पैसे तिथून वसूल होतील. मी याच बाजूचा होतो. दुसरी बाजू हिशेबी: तिशीतला खेळाडू, करारात एक वर्ष, समोर दहा कोटी युरोंच्या आसपासची रक्कम. नाही म्हटलं तर वर्षानं तेलही गेलं, तूपही गेलं. तिसरी बाजू संख्येनं लहान होती, पण तिचं म्हणणं सर्वात खोल होतं. केन आहे तोवर हा संघ त्याच्याकडे पाहत राहणार. अडलं की चेंडू केनला, पेनल्टी केनला, दोष झाकायला केन. तो गेल्याशिवाय बाकीचे मोठे होणार नाहीत.

हिशेबाच्या बाजूत एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नव्हती, ती सांगायला हवी. क्लबच्या वहीत विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत करारातल्या वर्षांवर विभागली जाते. पाच कोटी पौंडांना पाच वर्षांसाठी घेतलेला खेळाडू दर वर्षी एक कोटीचा खर्च म्हणून दिसतो. विक्रीचा नफा मात्र त्याच वर्षी जमा होतो. आणि अकादमीतून आलेल्या खेळाडूची खरेदी किंमतच नसल्यामुळे त्याच्या विक्रीची जवळजवळ सगळी रक्कम नफा ठरते. तेव्हा प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपलीकडे तोटा दाखवता येत नव्हता, त्यामुळे अशा नफ्याला मोल यायचं. नियमच असे होते की घरच्या पोराला विकणं क्लबला सर्वात फायद्याचं. ज्याच्यासाठी प्रेक्षक गातात, तोच वहीत सर्वात आकर्षक. मला हे आजही मनापासून खटकतं.

६ ऑगस्टला शाख्तार दोनेत्स्कविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात केननं चार गोल केले. घरच्या मैदानावरचा तो त्याचा शेवटचा सामना ठरला. सहा दिवसांनी तो गेला. सॉन कर्णधार झाला, दहा नंबर मॅडिसनला मिळाला. विंडो बंद व्हायला वीस दिवस होते आणि हाताशी नवा स्ट्रायकर म्हणजे अर्जेंटिनातून आणलेला १९ वर्षांचा अलेहो वेलिस.

फेरबांधणी

‘पुन्हा सात आणतील’ ही भीती यावेळी खरी ठरली नाही, हे कबूल करायला हवं. एम्पोलीतून गोलरक्षक गुल्येल्मो विकारिओ, लेस्टरमधून चार कोटींना मॅडिसन, वोल्फ्सबर्गहून मिकी व्हॅन डे व्हेन. उधारीवरचे कुलुसेव्स्की आणि पेद्रो पोरो कायमचे झाले. आधीच करार झालेला डेस्टिनी उडोगी इटलीतून आला. शेवटच्या दिवशी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून पावणेपाच कोटी पौंडांना ब्रेनन जॉन्सन. ही खरेदी पाठीमागून पुढे अशी होती: गोलरक्षक, बचाव, मग मधली फळी. पोस्टेकोग्लू यांना बचावफळी मैदानाच्या मध्यापर्यंत चढवून खेळायचं होतं. त्यासाठी व्हॅन डे व्हेनसारखा वेगवान माणूस लागणार होता. बेलच्या वेळी नावं गोळा केली होती, यावेळी जागा भरल्या.

एक सोडून. आणि ती एक जागा म्हणजे ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तीच.

सुरुवातीला ते जाणवलंही नाही. २ सप्टेंबरला बर्नलीत सॉन नऊ नंबरच्या जागी उतरला. सोळाव्या मिनिटाला मॅनोर सॉलोमनच्या पासवर त्यानं गोलरक्षकावरून चेंडू अलगद उचलला, आणि पुढे हॅटट्रिक पूर्ण केली. ५-२. पहिल्या दहा सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी, २६ गुण, पहिला क्रमांक. तिसऱ्या बाजूचे लोक खरे ठरत होते. ओझं उतरल्यासारखा संघ पळत होता.

मग ६ नोव्हेंबर, चेल्सी. सहाव्या मिनिटाला कुलुसेव्स्कीनं आघाडी दिली. रोमेरोला लाल कार्ड, पेनल्टीवर बरोबरी. मध्यंतराआधीच व्हॅन डे व्हेन मांडी धरून बाहेर, मॅडिसन घोट्याच्या दुखण्यानं बाहेर. पंचावन्नाव्या मिनिटाला उडोगीलाही दुसरं पिवळं. नऊ जण उरले आणि तरी बचावफळी मध्यरेषेपाशी. विकारिओ गोल सोडून पुढे धावत येऊन चेंडू काढत होता. शेवटी चेल्सीच्या निकोलस जॅक्सननं तीन गोल केले, ४-१. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या मनापासून होत्या.

त्या रात्री संघाच्या धाडसाबद्दल भरपूर बोललं गेलं. मला मात्र दुसरंच दिसत राहिलं. बचावातून लांब मारलेला प्रत्येक चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा परत येत होता. पुढे तो छातीवर घेऊन, अंगानं झाकून, एखादा फाऊल काढून सहकाऱ्यांना दहा सेकंद श्वास घेऊ देणारा कोणी नव्हतं. सॉन जगातल्या उत्तम फिनिशरांपैकी एक. पण पाठीवर बचावपटू घेऊन उभं राहणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. ते काम दुसऱ्याचं होतं.

पुढचे सामने पाहा. वुल्व्ह्ज, अॅस्टन व्हिला, सिटी, वेस्ट हॅम. चेल्सी धरून सलग पाच सामन्यांत टॉटनमनं १-० अशी आघाडी घेतली आणि एकही जिंकला नाही. पाच सामन्यांत एक गुण. गोल होत होते. गोल झाल्यावर सामना शांत करणं जमत नव्हतं. कोणी म्हणेल, केन असतानाही साउदम्प्टनला ३-१ वरून ३-३ झालंच होतं. खरं आहे. एक स्ट्रायकर सगळ्या आजारांवर औषध नसतो, जखमींची यादीही त्या महिन्यात लांब होती. पण केनच्या काळात आघाडी सुटली तर ती अपघातासारखी वाटायची. आता सवय लागल्यासारखी वाटू लागली.

हंगाम संपला तेव्हाचे आकडे सगळ्या वादाला उत्तर देतात. केनसह ७० गोल, ६० गुण, आठवा क्रमांक. केनशिवाय ७४ गोल, ६६ गुण, पाचवा क्रमांक. सॉनचे १७, रिचार्लिसनचे ११, बाकी वाटून. ‘तीस गोल कोण करणार’ याचं उत्तर होतं: सगळे मिळून. आणि तरी चॅम्पियन्स लीगचं शेवटचं तिकीट देणाऱ्या चौथ्या क्रमांकावरची व्हिला दोनच गुण पुढे राहिली. एप्रिलच्या शेवटी आर्सेनलविरुद्ध मध्यंतरालाच ०-३. त्यातले दोन कॉर्नरवरून, एक तर आपल्याच होयबियाच्या डोक्यावरून. चारच दिवसांनी चेल्सीकडून ०-२, दोन्ही गोल फ्री किकच्या चेंडूवरून. जवळच्या खांबापाशी कोण उभं राहणार, हा प्रश्न ऑगस्टमध्ये कोणी विचारलाच नव्हता. आम्हीही नाही.

वरातीमागून घोडं

ऑगस्ट २०२४ मध्ये बोर्नमथकडून डॉमिनिक सोलंकी आला, सगळं धरून साडेसहा कोटी पौंडांचा सौदा. निवड चांगली होती: पाठीवर माणूस घेणारा, बिनबोभाट धावणारा, आधीच्या हंगामात लीगमध्ये १९ गोल केलेला. पण वर्ष उलटून गेलं होतं. संघ त्या जागेशिवाय खेळायला शिकला होता, आता तिच्यासह खेळायला पुन्हा शिकायचं. त्यात दुखापती. व्हॅन डे व्हेन, रोमेरो, विकारिओ महिनोन्‌महिने बाहेर. जानेवारीत सोलंकीचा गुडघाही गेला. ब्रायटनला २-० वरून २-३, चेल्सीविरुद्ध २-० वरून ३-४.

२०२४-२५ च्या शेवटी टॉटनम सतराव्या स्थानावर होतं. ३८ गुण, २२ पराभव. आणि गोल? ६४ केले, ६५ खाल्ले. सतराव्या क्रमांकाच्या संघाचा गोलफरक वजा एक! गोल करता न येणारा संघ तिथे पोचत नाही. मिळवलेलं हातात धरून ठेवता न येणारा संघ पोचतो. मला या प्रकरणात यापेक्षा स्पष्ट पुरावा सापडलेला नाही.

म्हणूनच विक्रीबद्दलचं माझं मत बदललं, पण अर्धंच. विकला हे चूक नव्हतं. ज्या दिवशी विकला त्या दिवशी त्याच्या कामांची यादी क्लबच्या हाती हवी होती: चेंडू धरून ठेवणारा, खोलवरून पास देणारा, कॉर्नरला खांब राखणारा, ड्रेसिंग रूममध्ये ज्याचं ऐकलं जातं तो. हे सगळं एका माणसात मिळणार नव्हतं, पण तीन माणसांत वाटता आलं असतं. फक्त ‘गोल’ या एका रकान्यात बदली शोधली, ती सॉनच्या रूपानं सापडलीही, आणि बाकीचे रकाने दोन वर्षं कोरे राहिले.

सतरा दिवस

म्युनिकमध्ये केनचा पहिला हंगाम विचित्र गेला. बुंडेसलीगात ३६ गोल, सर्व स्पर्धांत ४४, आणि करंडक एकही नाही. त्या वर्षी लेवरकुसेन विजेतं झालं. ४ मे २०२५ ला, लेवरकुसेननं फ्रायबुर्गमध्ये बरोबरी साधली तेव्हा, बायर्नचं विजेतेपद नक्की झालं आणि एकतिसाव्या वर्षी केनला पहिला करंडक मिळाला. टॉटनमच्या किती जणांचे डोळे तेव्हा भरून आले, ते बोलून दाखवायला कोणी लाजलं नाही.

२१ मे ला बिल्बाओत युरोपा लीगची फायनल, समोर मँचेस्टर युनायटेड. आधीच्या हंगामात दोन गुणांनी चॅम्पियन्स लीग हुकली म्हणूनच हा संघ या स्पर्धेत आला होता. मैदानावर उतरलेल्या अकरात विकारिओ, पोरो, व्हॅन डे व्हेन, उडोगी, जॉन्सन असे २०२३ च्या उन्हाळ्यातल्या बांधणीचे पाच जण होते. बेचाळिसाव्या मिनिटाला पाप मातार सारचा क्रॉस ल्यूक शॉच्या अंगाला लागला आणि गर्दीत जॉन्सननं कसाबसा पाय लावला. त्यानंतर चेंडू बहुतेक वेळ युनायटेडकडेच. दोन वर्षं मध्यरेषेपर्यंत चढणारी बचावफळी त्या रात्री आपल्या पेनल्टी बॉक्सपाशी ठाण मांडून बसली. सोलंकी एकटा पुढे, दर लांब चेंडूसाठी अंग झोकत होता. अडुसष्टाव्या मिनिटाला युनायटेडच्या होयलंडचं हेडर विकारिओला चुकवून गोलात शिरत असताना व्हॅन डे व्हेननं उलट्या अंगानं हवेत पाय फेकून ते रेषेवरून बाहेर काढलं. काही क्षण आधीच सॉन बदली म्हणून आला होता. नव्वद मिनिटं संपली, वर सात मिनिटं गेली, तरी १-० तसंच राहिलं.